गाइरांगर फियॉर्डचा उठावाचा नकाशा : ग्रामीण शाळेतील वापरानंतरचे परीक्षण

नॉर्वेतील गाइरांगर फियॉर्ड (फियॉर्ड म्हणजे हिमनदीने खणलेल्या दरीत शिरलेला समुद्राचा अरुंद, खोल फाटा) आणि त्याच्या परिसराचा उठावाचा नकाशा, म्हणजे डोंगरदऱ्यांची उंचसखल प्रतिकृती, आमच्या शाळेने माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून, नागपूरच्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानामार्फत मागवला. आमची माध्यमिक शाळा चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, एकीकडे कापूस-सोयाबीनची शेते आणि दुसरीकडे कोळशाच्या खाणी अशा पट्ट्यात आहे. आठवी ते दहावीच्या वर्गांना भूगोल शिकवताना हा संच मी भरपूर वापरला आहे. विदर्भातील बहुतेक ग्रामीण शाळांना असे साहित्य घेण्याची संधी अनेक वर्षांतून एकदा येते आणि एकदा खर्च झालेला पैसा परत येत नाही, म्हणून हे परीक्षण थोडे विस्ताराने लिहीत आहे.

पूर्ण संचाची किंमत वाहतुकीसह ६,८०० रुपये पडली. मुख्य वस्तू म्हणजे ९० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद अशी फायबरची रंगीत प्रतिकृती असून तिचे क्षैतिज प्रमाण १:५०,००० आहे. तिच्यासोबत दुधी अॅक्रिलिकचा एक तुकडा मिळतो, जो फियॉर्डच्या दरीत अचूक बसतो आणि हिमनदीचे काम करतो. नॉर्वेतीलच सोग्ने या दुसऱ्या फियॉर्डचा लांबीच्या दिशेने घेतलेला छेद दाखवणारा साठ सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा वेगळा आहे, आणि या सर्वांसोबत एक लहानशी मराठी पुस्तिका येते. माझे मत आधीच सांगून ठेवतो : संचातील हिमनदीचा तुकडा आणि छेदाचा ठोकळा हे दोन भाग उत्तम आहेत, पुस्तिका सुधारून वाचावी लागते, आणि मुख्य प्रतिकृती देखणी असली तरी तिच्यात एक असा दोष आहे की, तो भरून काढल्याशिवाय ती फियॉर्डचे निसर्गदृश्य दाखवते, फियॉर्डचा भूगोल दाखवत नाही.

प्रमाणाच्या निवडीबद्दल मात्र निर्मात्याचे मनापासून कौतुक केले पाहिजे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जे स्थलदर्शक नकाशे आपण वर्गात वापरतो, त्यांतील नेहमीचे प्रमाण १:५०,००० हेच आहे. त्यामुळे आपल्या तालुक्याचा स्थलदर्शक नकाशा आणि ही प्रतिकृती शेजारीशेजारी ठेवता येतात, आणि दोन्हींवर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर हे एकच माप लागू पडते. विद्यार्थी गावापासून शाळेपर्यंतचे अंतर दोऱ्याने मोजतात आणि तोच दोरा उचलून फियॉर्डवर ठेवतात. गाइरांगर फियॉर्डची लांबी सुमारे १५ किलोमीटर आहे, म्हणजे प्रतिकृतीवर तीस सेंटिमीटर, आणि रुंदी बहुतेक ठिकाणी किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर. इतक्या अरुंद फटीत जगभरातून प्रवासी जहाजे येतात, हे मुलांना दोऱ्याने मोजल्यावरच पटते. केवळ छायाचित्र पाहून पटत नाही.

उंचीच्या बाबतीत मात्र तक्रार आहे. चौकटीवर क्षैतिज प्रमाण छापलेले आहे, परंतु उभ्या दिशेने उंची किती पट वाढवली आहे, याचा उल्लेख कोठेही नाही. गाइरांगर गावाच्या दक्षिणेला डाल्सनिब्बा नावाचे १,४७६ मीटर उंचीचे शिखर आहे, ज्याच्या माथ्यापर्यंत मोटारीचा रस्ता जातो. १:५०,००० या प्रमाणात ते पाण्याच्या पातळीपासून तीन सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी भरले पाहिजे. प्रतिकृतीवर ते सहा सेंटिमीटरच्या जवळ जाते. म्हणजे उभे प्रमाण दुप्पट केलेले आहे. आपल्या वर्धा नदीच्या खोऱ्याची प्रतिकृती करायची असेल तर उंची वाढवण्यावाचून गत्यंतर नाही, कारण पन्नास मीटरचा चढ या प्रमाणात फक्त एक मिलिमीटर होईल आणि बोटालाही जाणवणार नाही. गाइरांगरला त्याची गरजच नव्हती. तेथील कडे पाण्यापासून हजार-चौदाशे मीटर वर जातात आणि पाण्याची रुंदी किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे दरीची खोली आणि रुंदी मुळातच एकमेकींच्या तोडीची आहेत. खऱ्या प्रमाणातच जे विलक्षण आहे, ते दुप्पट करून निर्मात्याने उतारांचे रूपांतर उभ्या भिंतींत केले आहे, आणि अशा भिंतीवर माणसाने शेती कशी केली असेल, या प्रश्नाचे उत्तर देणे शिक्षकाला अवघड होऊन बसते.

आता मुख्य दोषाकडे वळतो. प्रतिकृतीत फियॉर्डचे पाणी म्हणून एक सपाट निळा पृष्ठभाग रंगवला आहे आणि जमीन तेथेच संपते. नदीच्या दरीबाबत हे चालले असते, कारण नदीच्या पाण्याची खोली दरीच्या मानाने नगण्य असते. फियॉर्डची मात्र निम्मी गोष्ट पाण्याखाली असते. गाइरांगर फियॉर्डची महत्तम खोली २६० मीटरच्या आसपास आहे. हा फियॉर्ड ज्याला जाऊन मिळतो तो सुन्निल्व्स फियॉर्ड त्याहून खोल आहे, आणि जागतिक वारसास्थळांच्या नोंदीत या परिसरातील खडकाळ भिंती समुद्रसपाटीखाली ५०० मीटरपर्यंत उतरतात असे वर्णन केलेले आहे. प्रतिकृतीच्या दुप्पट उभ्या प्रमाणात गाइरांगरचा तळ निळ्या पृष्ठभागाच्या एक सेंटिमीटर खाली आणि सुन्निल्व्सचा तळ त्याहूनही खाली दाखवता आला असता. पारदर्शक अॅक्रिलिकची पट्टी पाणी म्हणून वर बसवली असती आणि तळ खाली कोरला असता, तर मुलांना पाण्यातून खाली पाहता आले असते. निर्मात्याने हिमनदीसाठी अॅक्रिलिक वापरलेच आहे. मग पाण्यासाठी का वापरले नाही, हे समजत नाही.

दुसरी उणीव चौकटीच्या कडेशी संबंधित आहे. गाइरांगर फियॉर्ड सुन्निल्व्स फियॉर्डला मिळतो, सुन्निल्व्स हा स्टूरफियॉर्डचा फाटा आहे आणि स्टूरफियॉर्ड पुढे जाऊन नॉर्वेजियन समुद्राला मिळतो. गाइरांगर गावापासून मोकळा समुद्र सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. ४५ किलोमीटर लांबीचा प्रदेश दाखवणाऱ्या प्रतिकृतीत समुद्र येणे शक्यच नाही, हे मान्य. परंतु कोपऱ्यात एक छोटा स्थाननिर्देशक नकाशा तरी हवा होता. तो नसल्यामुळे विद्यार्थ्यांना चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेले पाणी दिसते आणि ते त्याला तलाव समजतात. नववीतल्या एका मुलीने पहिल्याच दिवशी विचारले, “सर, हे पाणी खारं हाय का गोडं?” प्रश्न अगदी मर्मावरचा होता. पाणी समुद्राचे, म्हणून खारे. पण उन्हाळ्याच्या सुरुवातीला डोंगरांवरचा बर्फ वितळून शेकडो ओढे फियॉर्डमध्ये उतरतात तेव्हा वरचा थर बराच गोडा होतो, आणि हलके असल्यामुळे ते पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत बाहेरच्या दिशेने सरकते. पुस्तिकेत या दोन थरांविषयी एकही ओळ नाही. मी आता राज्याच्या नकाशासारखा नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याचा एक नकाशा हाताने काढून चौकटीच्या डाव्या बाजूला चिकटवला आहे आणि त्यावर गाइरांगर ज्यात येते तो म्योरे ओग रॉम्सडाल हा प्रशासकीय विभाग रंगवला आहे. ६२ अंश उत्तर अक्षांशावर असूनही हे पाणी हिवाळ्यात गोठून बंद पडत नाही, याचे श्रेय उत्तर अटलांटिकच्या उबदार प्रवाहाला जाते, आणि दहावीच्या विद्यार्थ्यांना सागरी प्रवाह शिकवताना हा दाखला फार उपयोगी पडतो.

हिमनदीचा दुधी तुकडा या संचाचा प्राण आहे. तो दरीत बसवला की फियॉर्ड दिसेनासा होतो आणि डोंगरांच्या मधून वळत गेलेला बर्फाचा प्रवाह दिसतो. तुकडा उचलला की खाली ‘यू’ आकाराची दरी उरते. चिखलदऱ्याच्या सहलीत आमच्या विद्यार्थ्यांनी गाविलगडच्या डोंगरातील दऱ्या वरून पाहिलेल्या आहेत. त्या नदीने खणलेल्या आहेत, तळाशी निमुळत्या होतात आणि त्यांचे उतार एकमेकांत अडकलेले असतात. या प्रतिकृतीतील दरी तळाशी रुंद आहे, तिच्या बाजू घासून सरळ केलेल्या आहेत आणि आड येणारे डोंगरांचे सोंडे कापून टाकलेले आहेत. पाठ्यपुस्तकातील दोन आकृत्यांत जो फरक मुले पाठ करतात, तो येथे त्यांच्या बोटांना कळतो. आमच्या वर्गात एक विद्यार्थी अल्पदृष्टी आहे. त्याने दोन्ही अंगठे दरीच्या बाजूंवरून फिरवून तळाची रुंदी सांगितली, आणि वर्गातील इतरांपेक्षा त्याचे वर्णन अधिक अचूक होते. एवढ्या एका कारणासाठीही मी हा तुकडा विकत घेण्याची शिफारस करीन.

या तुकड्याला बाजूंनी लहान फाटे आहेत, ही निर्मात्याची आणखी एक सूक्ष्म आणि अभ्यासपूर्ण गोष्ट. मुख्य हिमनदी जाड आणि जड होती, म्हणून तिने खोल खणले; बाजूच्या लहान हिमनद्यांनी कमी खणले. बर्फ गेल्यावर त्या बाजूच्या दऱ्यांचे तळ मुख्य दरीच्या कड्यावर उंचावर तसेच राहिले. त्यांना आपण लोंबत्या दऱ्या म्हणतो, आणि त्यांच्यातून येणारे पाणी थेट कड्यावरून खाली पडते. गाइरांगरचे प्रसिद्ध धबधबे याच कारणाने तेथे आहेत. ‘सात बहिणी’ या नावाचा धबधबा एकूण ४१० मीटर उंचीवरून उतरतो आणि त्यातील सर्वांत मोठी सरळ उडी सुमारे २५० मीटरची आहे. प्रतिकृतीवर या धबधब्यांच्या जागा पांढऱ्या रेषांनी दाखवल्या आहेत आणि त्या योग्य आहेत. ‘सात बहिणीं’च्या समोरच्या कड्यावरचा धबधबाही बरोबर समोरासमोर आला आहे. मात्र हे धबधबे मुख्यतः वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर जगतात, त्यामुळे ते वसंत ऋतूच्या अखेरीस आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला भरून वाहतात आणि पुढे बारीक होतात. आपल्याकडचे ओढे मृगानंतर फुगतात आणि तेथले ओढे ऊन वाढल्यावर फुगतात, हा फरक मुलांनी स्वतःहून काढला.

हिमनदीच्या तुकड्याबाबत एक सावधगिरी शिक्षकांनी बाळगावी. तुकडा दरीच्या काठापर्यंतच भरतो, त्यामुळे शिखरे सदैव उघडीच होती असा समज होऊ शकतो. हिमयुगाच्या ऐन भरात, म्हणजे सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, संपूर्ण स्कँडिनेव्हियावर बर्फाची एकसंध चादर होती आणि तिची जाडी मध्यभागी दोन-तीन किलोमीटर होती. दरीपुरती मर्यादित हिमनदी ही या मोठ्या गोष्टीतील एक अवस्था आहे. अशा हिमचादरी अनेकदा आल्या आणि गेल्या, आणि प्रत्येक वेळी बर्फाने जुन्याच दऱ्या आणखी खोल केल्या. पुस्तिकेतील “हिमनदीने एकदा दरी खणली आणि समुद्र आत आला” हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे.

समुद्रसपाटीच्या खाली इतके खणले कसे जाते, हा प्रश्न दरवर्षी येतोच, आणि त्याचे उत्तर देताना लाकडी ठोकळा कामास येतो. नदी समुद्राला मिळाली की तिची खणण्याची ताकद संपते, कारण त्याखाली तिला उतारच मिळत नाही. हिमनदीचे तसे नसते. बर्फाची घनता पाण्याच्या सुमारे नऊ-दशांश असते, म्हणून एक हजार मीटर जाडीचा बर्फ सुमारे नऊशे मीटर खोल पाणी येईपर्यंत तरंगत नाही. तो तळाला टेकून राहतो आणि तळ घासत पुढे सरकतो. त्या काळी जगभरातील पाणी बर्फात अडकल्यामुळे समुद्राची पातळीही आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. ठोकळ्यावर दाखवलेला सोग्ने फियॉर्ड २०५ किलोमीटर लांब असून त्याची महत्तम खोली सुमारे १,३०० मीटर आहे. तरीही समुद्राकडील तोंडाशी तळ एकदम वर येतो आणि खोली केवळ शंभर-दोनशे मीटर उरते. आतल्या अरुंद भागात बर्फ जाड होता आणि वेगाने सरकत होता, म्हणून तेथे खोल खणले गेले. किनाऱ्याशी त्याला पसरायला जागा मिळाली, तो पातळ झाला आणि त्याची धार गेली. हा उंचवटा घराच्या उंबरठ्यासारखा तोंडाशी आडवा पडलेला असतो आणि आतल्या खोल पाण्याची बाहेरच्या समुद्राशी होणारी देवाणघेवाण अडवून धरतो. एका विद्यार्थ्याने ठोकळ्याच्या मधल्या खड्ड्यात बोट घातले आणि “बाप्पा, आतच जास्त खोल हाय!” असे तो उद्गारला. नदी आणि हिमनदी यांच्या कामातील फरक समजावून सांगायला याहून चांगले साधन मी अद्याप पाहिलेले नाही.

या ठोकळ्यात उंची दहापट वाढवलेली आहे आणि तसे त्यावर स्पष्ट छापलेही आहे. २०५ किलोमीटर लांबी साठ सेंटिमीटरमध्ये बसवली तर तेराशे मीटर खोली चार मिलिमीटरपेक्षाही कमी भरेल, म्हणून येथे ही वाढ आवश्यकच आहे. एकाच संचातील एका वस्तूवर ही माहिती देणारा निर्माता दुसऱ्या वस्तूवर ती देण्यास विसरावा, याचे वाईट वाटते.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती आपल्या मातीतील आहे आणि या संचाचा उपयोग तिच्यामुळे चंद्रपूर, यवतमाळ परिसरातील शाळांना सर्वांत अधिक आहे. हिमनदी म्हणजे परदेशातली किंवा फार तर हिमालयातली वस्तू, असे आपली मुले गृहीत धरतात. परंतु पैनगंगेच्या खोऱ्यात, चंद्रपूर जिल्ह्यातील ईरई गावाजवळ, चुनखडकाच्या पृष्ठभागावर बर्फाने घासल्याच्या गुळगुळीत पट्ट्या आणि समांतर ओरखडे सापडलेले आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फेडन यांनी १८७०च्या दशकात त्यांची नोंद केली. त्या पृष्ठभागावर बसलेला गोट्यांचा आणि मातीचा थर तालचीर या नावाने ओळखला जातो. ओडिशातील तालचीर परिसरात तो प्रथम अभ्यासला गेला म्हणून त्याला ते नाव मिळाले. हे सारे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे आहे, जेव्हा आपली भूमी गोंडवन या प्राचीन महाखंडाचा भाग म्हणून दक्षिण ध्रुवाच्या बऱ्याच जवळ होती. तालचीरच्या वरच्या थरांत पुढे तो कोळसा तयार झाला, ज्याच्यावर आज बल्लारपूर, घुग्घुस आणि वणीच्या खाणी चालतात. नॉर्वेतील बर्फ दहा-बारा हजार वर्षांपूर्वी ओसरला, म्हणून तेथे दरीचा आकार अजून ताजा आहे. आपल्याकडील आकार केव्हाच झिजून गाडले गेले आणि फक्त ओरखडे उरले. फियॉर्डची प्रतिकृती पाहून झाल्यावर ईरईच्या खडकाचे वर्णन ऐकताना वर्गात जी शांतता पसरते, ती मला शिक्षक म्हणून फार मोलाची वाटते. पुस्तिकेच्या पुढील आवृत्तीत महाराष्ट्रासाठी एवढे एक पान निर्मात्याने अवश्य घालावे.

खडकाचा आणखी एक दुवा असाच हाताशी आहे. गाइरांगरचे कडे मुख्यतः नाइस या पट्टेदार, स्फटिकमय रूपांतरित खडकाचे आहेत. आपल्या पूर्व विदर्भात गोंदिया जिल्ह्यातील आमगाव परिसराच्या नाइसचा उल्लेख भूशास्त्राच्या पुस्तकांत येतो. गोंदियाकडच्या एका शिक्षकमित्राने पाठवलेला नाइसचा तुकडा मी प्रतिकृतीशेजारी ठेवतो आणि त्याच्या बाजूला आपल्याकडील काळा बेसॉल्ट ठेवतो. वयाने आणि घडणीने हे खडक वेगळे आहेत, पण नाइस हातात घेतल्यावर दरीच्या बाजू इतक्या टणक का राहिल्या, हे मुलांना समजते.

टणक खडकही कोसळतो, आणि या विषयावर संचाने घोर उपेक्षा केली आहे. प्रतिकृतीच्या ईशान्य भागात ताफियॉर्ड दाखवला आहे, त्याचे नावही लिहिले आहे, आणि पुस्तिकेत त्याच्याविषयी एक शब्द नाही. ७ एप्रिल १९३४ च्या पहाटे तेथील कड्याचा सुमारे ३० लाख घनमीटर खडक सुटून फियॉर्डमध्ये कोसळला, कोसळल्या जागेजवळ साठ मीटरांहून उंच लाट उठली आणि ताफियॉर्ड व फ्योरा या गावांत मिळून ४० माणसे मेली. अरुंद दरीत लाटेला पसरायला जागा नसते, म्हणून ती किनाऱ्यावर चढते. ज्या भौगोलिक रचनेमुळे हा प्रदेश सुंदर दिसतो, तीच रचना तेथील माणसांसाठी धोक्याची आहे, आणि ही गोष्ट वगळून मुलांना केवळ धबधबे दाखवणे मला योग्य वाटत नाही.

हा धोका इतिहासजमाही झालेला नाही. सुन्निल्व्स फियॉर्डच्या काठावरील ओकरनेसेट या डोंगरउतारावर सुमारे सातशे मीटर लांबीची भेग आहे आणि ती दरवर्षी काही सेंटिमीटरने रुंदावत आहे. सर्वांत वाईट परिस्थितीत पाच कोटी घनमीटरहून अधिक खडक सुटू शकेल असा तेथील शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, म्हणजे १९३४ च्या कित्येक पट. त्या उतारावर रात्रंदिवस यंत्रांनी नजर ठेवली जाते. लाट निघाल्यानंतर हेलेसिल्ट आणि गाइरांगर या गावांपर्यंत पोहोचायला तिला अवघी काही मिनिटे लागतील, म्हणून सारी भिस्त कडा सुटण्याच्या आधीच धोका ओळखून गावे रिकामी करण्यावर आहे. पालकसभेच्या दिवशी उघड्या खाणीत काम करणारे एक पालक हा नकाशा पाहत उभे राहिले. ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या, ढिगाऱ्यांना पावसाळ्यात भेगा पडतात, त्या दिसल्या की बेंचवरील (खाणीतील पायरीवरील) माणसे आणि यंत्रे आधी हलवावी लागतात, आणि उताराच्या हालचालीवर लक्ष ठेवण्याचे काम किती जोखमीचे असते, हे त्यांनी मुलांना स्वतःच्या शब्दांत सांगितले. नॉर्वेतील डोंगर आणि आपल्या तालुक्यातील खाण यांचा धडा त्या दिवशी एकत्रच झाला. प्रतिकृतीवर ओकरनेसेटची जागा दाखवलेली नाही. मी ती लाल रंगाने खुणावली आहे आणि इतर शिक्षकांनीही तसे करावे.

मानवी वस्तीच्या बाबतीत मात्र निर्मात्याने चांगले काम केले आहे. कड्यांवरील जुनी शेतघरे बारीक लाल ठिपक्यांनी दाखवली आहेत. पाण्यापासून सुमारे अडीचशे मीटर उंचीवरील कपारीत वसलेले स्कागेफ्लो हे घर १९१६ मध्ये सोडण्यात आले आणि ‘सात बहिणीं’जवळचे क्निव्स्फ्लो हे घर वरून दरड कोसळण्याच्या भीतीने १८९८ मध्येच रिकामे झाले. हिमनदीने घासलेल्या भिंतीत जेथे जेथे थोडी सपाट जागा आणि माती उरली, तेथे माणसाने शेळ्या पाळल्या आणि गवत कापले. हेक्टरांत शेती मोजणाऱ्या आपल्या मुलांना एवढ्याशा तुकड्यावर कुटुंब जगत असे, हे ऐकून त्या लोकांविषयी आदर वाटतो. पुस्तिकेतील हे प्रकरण सर्वांत चांगले उतरले आहे आणि त्याची भाषाही स्वच्छ आहे. गाइरांगरहून उत्तरेकडे चढणारा, अकरा तीव्र वळणांचा आणि १९५५ मध्ये खुला झालेला घाटरस्ताही प्रतिकृतीवर वळणे मोजता येतील इतका स्पष्ट आहे.

पुस्तिकेतील दोन चुका मुलांच्या हाती देण्यापूर्वी दुरुस्त कराव्यात. सोग्ने फियॉर्ड जगातील सर्वांत लांब असल्याचे तिच्यात म्हटले आहे. तो नॉर्वेतील सर्वांत लांब आहे. ग्रीनलंडमधील स्कोर्स्बी साउंड त्याहून बराच लांब आहे. दुसरी चूक अधिक गंभीर आहे, कारण ती संकल्पनेची आहे : कोकणातील खाड्या आणि नॉर्वेतील फियॉर्ड यांना तिने एकाच वर्गात घातले आहे. कोकणातील खाड्या या नद्यांच्या बुडालेल्या मुखांच्या आहेत, त्या उथळ आहेत आणि तोंडाकडे खोल होत जातात. बर्फाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. गाइरांगर आणि दक्षिणेकडील नेरॉय फियॉर्ड यांचा २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत एकत्रित समावेश झाला, ही माहिती पुस्तिकेत बरोबर दिली आहे.

टिकाऊपणाविषयी विदर्भातील शाळांना वेगळे सांगावे लागते, कारण आपल्या उन्हाळ्यात साहित्याची खरी परीक्षा होते. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो आणि टिनाच्या छपराखालील खोलीत त्याहून अधिक उष्णता साचते. फायबरच्या मुख्य प्रतिकृतीला काहीही झाले नाही, रंगही उडाला नाही. नावांच्या चिकटपट्ट्यांचा गोंद मात्र सुटला आणि निम्म्या पट्ट्या गळून पडल्या. त्या जागी मी ऑइलपेंटने नावे लिहून घेतली आहेत. हिमनदीचा तुकडा एका टोकाला किंचित वाकला, तरीही तो दरीत बसतो. वाहतुकीत चौकटीचा एक कोपरा फुटला होता, तो दुकानदाराने विनातक्रार बदलून दिला. संपूर्ण संचाला वीज लागत नाही, ही ग्रामीण शाळेसाठी फार मोठी सोय आहे, कारण तास सुरू असताना वीज गेली की प्रोजेक्टरवरचा धडा तेथेच थांबतो.

हिमनदीचा तुकडा मुख्य प्रतिकृतीशिवाय उपयोगाचा नाही, पण छेदाचा लाकडी ठोकळा स्वतंत्रपणे १,४०० रुपयांना मिळतो. ज्या शाळांची तरतूद तुटपुंजी आहे, त्यांनी तेवढा एक ठोकळा आणि आपल्या तालुक्याचा स्थलदर्शक नकाशा घ्यावा. पूर्ण संच घेणाऱ्या शाळांनी मागणी नोंदवतानाच तीन गोष्टी लेखी द्याव्यात : नावे चिकटवलेली नकोत, रंगवलेली हवीत, उभ्या प्रमाणाची नोंद चौकटीवर हवी, आणि निळ्या पृष्ठभागावर पाण्याची खोली दाखवणाऱ्या रेषा आकड्यांसह हव्यात. दुकानदार ही मागणी थेट कारागिराकडे पाठवतो आणि कारागीर शिक्षकांशी फोनवर सविस्तर बोलतो. खोलीच्या रेषा रंगवून देण्यास त्याने मला होकार दिला आहे आणि त्यासाठी तो वेगळे पैसे घेणार नाही.